गृहपाठात अडलेल्यांसाठी धागा: नुसता प्रश्न नको, वहीचं पान दाखवा

पाटीपेन्सिल
मराठी, विज्ञान आणि इतिहास. पाचवी ते दहावी. प्रश्न टाकताना इयत्ता, बोर्ड, प्रश्नाला किती गुण आहेत ते आणि मुलाने वहीत आत्तापर्यंत काय लिहिलंय, एवढं द्या. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बरोबर उत्तर गाईडात छापलेलं असतंच, चूक मात्र फक्त वहीत सापडते.

गुण विचारतोय कारण दोन गुणांच्या 'कारणे द्या'ला पानभर मजकूर आणि चार गुणांच्या प्रश्नाला दीड ओळ, हे दोन्ही प्रकार सर्रास दिसतात.

सकाळी सातला रिक्षाकाका दारात आणि रात्री साडेदहाला प्रकल्प आठवला, असलेही प्रश्न चालतील. टोमणा मिळेल, पण उत्तरही मिळेल.

कोथरूडची_आई
दहावी, राज्य मंडळ, विज्ञान भाग १, तीन गुण. '२० सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर ३० सेंमीवर ३ सेंमी उंचीची वस्तू ठेवली आहे. प्रतिमेचे स्थान, स्वरूप व उंची काढा.' लेकीच्या वहीत प्रतिमेचं अंतर १२ सेंमी आलंय, गाईडात ६०. तीनदा करून १२च येतंय.

भिंगवाला
तीनदा १२ येतंय म्हणजे तिची आकडेमोड पक्की आहे, चूक त्याच्या आधीची आहे. सूत्र १/व्ही − १/यू = १/एफ (यू वस्तूचं अंतर, व्ही प्रतिमेचं, एफ नाभीय अंतर). वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून यू = −३०. तिने +३० घेतलंय.

तिच्या वहीत असं झालंय: १/व्ही = १/२० + १/३० = ५/६०, म्हणून व्ही = १२.
व्हायला हवं असं: १/व्ही = १/२० − १/३० = १/६०, म्हणून व्ही = +६० सेंमी.

आकडे घालायच्या आधी एक ओळ सक्तीने लिहायला लावा: 'दिलेले: यू = −३० सेंमी, एफ = +२० सेंमी'. चिन्हं तिथेच ठरवायची. सूत्रात घालताना 'आता उणे घेऊ की अधिक' असा विचार सुरू झाला की घोटाळा ठरलेला. आणखी एक चूक हमखास होते: १/व्ही = १/६० पर्यंत बरोबर येऊन उत्तर '१/६० सेंमी' लिहिलं जातं. शेवटी उलटायचं राहून जातं.

१२ चूक आहे हे गाईड न उघडताही कळतं. नाभी २० वर, तिची दुप्पट ४०. वस्तू ३० वर, म्हणजे या दोहोंच्या मधे. मग प्रतिमा पलीकडे ४० च्याही पुढेच पडणार. १२ तिथे बसतच नाही. हा पडताळा दहा सेकंदांचा आहे, पेपरात करायचाच.

अर्धवट_अभियंता
आणि उंची? विशालन = व्ही/यू = ६०/(−३०) = −२. उंची ३ × (−२) = −६ सेंमी.

कोथरूडची_आई
उंची उणे कशी असेल, हा तिचा पुढचा प्रश्न.

भिंगवाला
मुख्य अक्षाच्या वरची उंची अधिक, खालची उणे. प्रतिमा उलटी आहे, एवढंच ते चिन्ह सांगतंय. शेवटचं वाक्य असं लिहायचं: 'प्रतिमा भिंगाच्या दुसऱ्या बाजूस ६० सेंमीवर, वास्तव, उलटी व ६ सेंमी उंच मिळेल.' प्रश्नात 'स्वरूप' विचारलंय, म्हणून 'वास्तव, उलटी' हे शब्द आलेच पाहिजेत. नुसत्या −६ वर पूर्ण गुण मिळणार नाहीत. भिंगाची शक्ती विचारली तर आधी मीटर करायचे: १/०.२ = +५ डायऑप्टर. १/२० केलं की गेलं.

सिंहगडरोड
सातवी. पाणी उकळवून तापमान मोजायचं होतं. तापमापी ९८ च्या पुढे जात नाही. बाई म्हणतात १०० लिहा, मुलगा म्हणतो दिसलं ते लिहिणार. तापमापी खराब आहे का?

भिंगवाला
तापमापी उत्तम आहे, मुलगा त्याहून उत्तम. १०० अंश हा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचा आकडा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू अंदाजे १ अंशाने उतरतो, म्हणजे इथे ९८ च्या आसपासच. सिंहगडावर, सुमारे १३०० मीटरवर, तेच पाणी ९६ च्याही किंचित खाली उकळेल. पाण्याच्या पृष्ठभागावर हवा कमी जोराने दाबते, त्यामुळे बुडबुडे कमी तापमानालाच फुटून बाहेर पडू शकतात. कुकरमध्ये नेमकं उलट: आत दाब वाढवून तापमान १२० च्या घरात नेतो, म्हणून डाळ लवकर शिजते.

वहीत दोन्ही लिहा: 'प्रमाण दाबास १००, पुण्यात निरीक्षण ९८, कारण...'. बाईंनाही हरकत नसावी.

मोजताना तापमापीचा फुगा भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नका. बूड पाण्यापेक्षा तापलेलं असतं, आकडा उगाच वर जातो. आणि तापाचा थर्मामीटर यासाठी चुकूनही वापरू नका. त्याची मोजपट्टी ३५ ते ४२ अंशांची, उकळत्या पाण्यात तो तडकतो.

घाईत
इथे सरळ उत्तर देऊन टाकलं तर काय बिघडतं? दोघंही नोकरीवरून आठला घरी येतो, दहाला पोरगं झोपतं. पडताळे कधी करायचे?

पाटीपेन्सिल
उत्तर देतोच आहोत की. आधी वही मागतो, एवढाच फरक. वरचं १२ आणि ६० बघा. नुसतं ६० सांगितलं असतं तर पुढच्या गणितात पुन्हा +३० घेतलं असतं आणि तुमची पुढची रात्रही त्यातच गेली असती.

घाईत
बरं. मग हे घ्या. नववी, मराठी. 'मी आंबा खाल्ला', प्रयोग ओळखा. वहीत 'कर्तरी' लिहून पुढे कारण दिलंय: 'मी ला प्रत्यय नाही'. उत्तर कर्मणी आहे म्हणे. मलाही कर्तरीच वाटतंय.

व्याकरणवाली
त्याचं कारण ऐकायला पटतं, पण 'मी' फसवा आहे. मी, आम्ही, तू, तुम्ही ही सर्वनामं तृतीयेतही तशीच दिसतात, 'ने' लागलेला दिसत नाही. 'मी'च्या जागी 'तो' घालून बघा. 'तो आंबा खाल्ला' म्हणाल? नाही, 'त्याने आंबा खाल्ला'. म्हणजे 'ने' तिथे होताच, लपलेला.

प्रत्यय शोधत बसण्यापेक्षा क्रियापद कोणाचं ऐकतं ते बघा. आधी कर्ता बदला: 'तिने आंबा खाल्ला'. क्रियापद हललं नाही. मग कर्म बदला: 'मी पोळी खाल्ली', 'मी पेरू खाल्ले'. हललं. कर्माचं ऐकतंय, म्हणून कर्मणी. दोघांचंही ऐकलं नाही तर भावे: 'पोलिसाने चोराला पकडले', 'पोलिसांनी चोरांना पकडले'. क्रियापद ढिम्म. कर्माला 'ला' किंवा 'ना' लागला की भूतकाळात बहुधा हेच होतं.

पर्वतीपायथा
एक पुरवणी, कारण हे मुद्दाम विचारतात. भूतकाळ आणि कर्म दिसलं की डोळे झाकून कर्मणी लिहू नका. 'ती नाव विसरली', 'तो कविता शिकला'. इथे क्रियापद कर्त्याच्याच मागे जातं. विसरणे, शिकणे ही त्यातली नेहमीची. कर्ता आणि कर्म बदलायची कसोटी लावली तर यातही फसगत होत नाही.

सदाशिवपेठी
आठवी, प्रकल्प. ऐतिहासिक कागदांतल्या शक वर्षांचं इसवी सनात रूपांतर. भाचीने सगळीकडे ७८ मिळवलेत. दहापैकी चार चुकले म्हणून परत आलंय. ७८ नाही का?

मोडीवाचक
कधी ७८, कधी ७९. महिना बघितल्याशिवाय ठरत नाही.

शक वर्ष चैत्रात, गुढीपाडव्याला बदलतं. इसवी सन १ जानेवारीला बदलतो. पाडव्यापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवायचे. १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत सन पुढे गेलेला असतो पण शक तोच असतो, म्हणून ७९.

तपासायला तीन तारखा पाठ असू द्या.
शिवराज्याभिषेक: ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६. ज्येष्ठ म्हणून ७८, येतात १६७४. बरोबर, ६ जून १६७४.
शिवजन्म: फाल्गुन वद्य ३, शके १५५१. फाल्गुन म्हणून ७९, येतात १६३०. बरोबर, १९ फेब्रुवारी १६३०. इथे ७८ मिळवले की १६२९ येतं. भाचीच्या चार चुका बहुतेक याच जातीच्या असणार. माघ-फाल्गुनच्या नोंदी आधी तपासा.
पानिपत: पौष शुद्ध ८, शके १६८२. १४ जानेवारी १७६१, म्हणजे ७९.

पौषच खरा त्रासाचा. १ जानेवारी कधी मार्गशीर्षात पडते, कधी पौषात. तेव्हा पौषाच्या नोंदीला नुसती बेरीज पुरत नाही, तिथी घेऊन जंत्रीत बघावं लागतं. नुसतं वर्ष दिलं असेल आणि महिना नसेल, तर रीतसर 'इ. स. १२९०-९१' असं जोडवर्ष लिहायचं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ असा उल्लेख आहे, पुस्तकात आपण १२९० वाचतो ते ७८ मिळवूनच.

सदाशिवपेठी
चारपैकी तीन माघ-फाल्गुन निघाले! चौथ्यात वर्ष 'इहिदे सितैन' असं काहीतरी लिहिलंय.

मोडीवाचक
तो शकच नाही, सुहूर सन आहे. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर हा फार येतो. आकडे अरबी शब्दांत लिहितात: इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ. पुढे 'मया व अलफ' असेल, शंभर आणि हजार. एकूण ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास, जूनच्या सुरुवातीला सुरू होतं. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११६१ म्हणजे १७६०-६१, ऐन पानिपताचं साल. भाचीने ७८ मिळवून १२३९ काढलं असेल तर शिक्षिकेने तांबडी रेघ मारली त्यात नवल नाही.

अर्धवट_अभियंता
शिवजन्माची तारीख काही ठिकाणी १ मार्च १६३० दिसते. ती चूक का?

मोडीवाचक
चूक नाही, दिनदर्शिका वेगळी. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख. सतराव्या शतकात ज्युलियन आणि आजच्या ग्रेगरियन पद्धतीत दहा दिवसांचा फरक होता, तो धरला की १ मार्च. त्याच हिशोबाने राज्याभिषेक १६ जून. इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ मध्ये घेतली, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. पानिपत त्यानंतरचं, म्हणून १४ जानेवारीत असा घोळ नाही. पेपरात मात्र पुस्तकातलीच तारीख लिहायची: १९ फेब्रुवारी, ६ जून. हे दहा दिवसांचं प्रकरण प्रकल्पाच्या टिपेत शोभतं, एका गुणाच्या रिकाम्या जागेत नाही.

आणखी एक. सरकारी पत्रांवर दिसणारं 'भारतीय सौर' वर्ष १९५७ पासूनचं आहे. त्याचा चैत्र २२ मार्चला (लीप वर्षात २१ ला) सुरू होतो. आकडा शकाचाच, पण महिने सौर आहेत, तिथीशी संबंध नाही. शिवकालीन कागदाला हे कोष्टक लावू नका.

हडपसरकर
इतिहास, तीन गुण. 'दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह का केला?' वहीत: 'कारण तो दुबळा होता.' एवढंच.

शनवारातला
हा शेरा झाला, कारण नव्हे. कारणाला घटना लागते, आणि ती तुमच्याच गावात घडलीय. २५ ऑक्टोबर १८०२, हडपसरची लढाई. यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पुणे सोडून पळाला आणि वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. गादी परत मिळवायला फौज हवी होती, ती इंग्रजांकडे होती. ३१ डिसेंबर १८०२ ला तह, त्यात तैनाती फौज स्वीकारली. लढाई, पलायन, आश्रय, तह. चार वाक्यं लिहिली की तीन गुणांना पुरे.

साल १८०२ च. तारीख वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवसाची असल्याने मुलं १८०३ लिहून मोकळी होतात.

हडपसरकर
पुढचा: 'केसरीचे पहिले संपादक' ला 'टिळक' लिहून गुण गेलाय.

शनवारातला
आगरकर. केसरी १८८१ चा. नंतर त्यांनीच १८८८ मध्ये 'सुधारक' काढला.

बाणेर_बाबा
आता कहर. सहावीचा 'शून्य सावली' प्रकल्प, म्हणजे सूर्य थेट डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो दिवस टिपायचा. मागच्या वर्षीच्या मेमध्ये निरीक्षण घेऊन ठेवलं होतं. बरोबर बाराला काठी रोवली, सावली ४ सेंमी आली. शून्य नाही. प्रकल्प फसला का?

भिंगवाला
काठी ३० सेंमीची होती का?

बाणेर_बाबा
हो! कसं कळलं?

भिंगवाला
गणिताने. घड्याळातले बारा म्हणजे पुण्याचा माध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७३.८५ वर. फरक ८.६५ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे जवळपास ३५ मिनिटं सूर्य इथे उशिरा माथ्यावर येतो. मेच्या मध्यावर सूर्य घड्याळाच्या पावणेचार मिनिटं पुढे असतो, ती वजा करा: १२ वाजून ३१ मिनिटं. तुम्ही अर्धा तास आधी मोजलंत. तेव्हा सूर्य माथ्यापासून सात अंशांहून थोडा जास्त पूर्वेला होता, आणि ३० सेंमीच्या काठीला तेवढ्यात ४ सेंमी सावली पडते. निरीक्षण अचूक आहे, वेळ चुकली. जुलै अखेरीस दुसरी संधी येते, २९-३० जुलैला. तेव्हा सूर्य घड्याळाच्या मागे असतो म्हणून १२:४१. अडचण एवढीच की पुण्यात त्या दिवसांत ढग हटत नाहीत, म्हणून मेमधली १३-१४ तारीखच धरायची.

बाणेर_बाबा
मग पुढच्या मेमध्ये नीट कसं करायचं?

भिंगवाला
गच्चीत, सपाट फरशीवर. फरशीला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला असतो, म्हणून फळी ठेवून तिच्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून ती समपातळीत आणा. गवंड्याची पातळी मिळाली तर छान, नाहीतर काठोकाठ पाणी भरलेलं ताट चालतं. काठी उभी आहे का ते ओळंब्याने बघा, आणि दोन बाजूंनी बघा. एकाच बाजूने पाहिलं की दुसऱ्या बाजूला कललेली असते. काठी एका अंशाने कलली तरी सावलीचं टोक अर्धा सेंमी सरकतं, आणि मग 'शून्य कधीच आली नाही' अशी तक्रार येते.

१२:१० पासून १२:५० पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला कागदावर टिंब द्या. माध्यान्हाच्या जवळ टोक मिनिटाला साधारण सव्वा मिलिमीटर सरकतं, तेव्हा १२:२५ ते १२:३५ दर मिनिटाला टिंब. टोक पश्चिमेकडून काठीच्या बुंध्याकडे येईल आणि पूर्वेला निघून जाईल. सावलीची कड धूसर दिसेल, कारण सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे एखाददुसरा मिलिमीटर चालवून घ्या. एक दिवस पुढेमागे झालं तरी बिघडत नाही, ३० सेंमीच्या काठीला फरक मिलिमीटरभरच पडतो.

अहवालात 'सूर्य रोज बारा वाजता डोक्यावर येतो' हे वाक्य आलं तर खोडा. वर्षात दोनदाच, तेही कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांत. दिल्लीला कधीच नाही.

पाटीपेन्सिल
यंदाच्या वहीत ती ४ सेंमीची नोंद खोडू नका. वेळेसकट ठेवा आणि खाली ती का आली ते लिहा. नुसत्या 'सावली शून्य झाली'पेक्षा ते भारी दिसेल.

चांदणीचौक
दहावी मराठी, रसग्रहण. मुलगा कवितेचा अर्थ गद्यात लिहून देतो, शिक्षक 'हे रसग्रहण नव्हे' लिहितात. शिवाय उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांची खिचडी.

व्याकरणवाली
आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद. तुमचा मुलगा पहिल्यातच राहतोय. अर्थ त्याला तीन-चार वाक्यांत संपवायला लावा. मग कवितेतली एक ओळ उचलायची आणि त्या ओळीतल्या प्रतिमेने काय दाखवलं ते सांगायचं. तिसऱ्यात शब्द, यमक, बोलीचा वापर. 'कवितेत सुंदर शब्द आहेत' हे वाक्य बाद, कोणते शब्द ते अवतरणात हवेत.

अलंकारांसाठी तुमच्याच चौकातली वाहनांची रांग घेऊ.
'रांग मुंग्यांसारखी सरकत होती.' सारखेपणा सांगितला: उपमा.
'ती रांग म्हणजे मुंग्यांची वारीच जणू.' वारीच आहे की काय असं वाटतं: उत्प्रेक्षा.
'वाहनमुंग्या सरकत होत्या.' दोन्ही एकरूप करून टाकले: रूपक.
'ही रांग नव्हेच, ही मुंग्यांची वारी.' मूळ वस्तूच नाकारली: अपन्हुती.

नुसत्या 'जणू'वर विसंबू नका. 'जणू' हा खुणेचा शब्द खरा, पण तो नसतानाही 'वाटे', 'भासे' ने उत्प्रेक्षा होते.

घाईत
चौथी सगळ्यात पुणेरी आहे.

सदाशिवपेठी
भाचीने सगळं पुन्हा केलं. एक तपासाल? फाल्गुन, शके १७३९. तिने १८१७ लिहिलंय.

मोडीवाचक
फाल्गुन आहे ना? मग ७९. १८१८.